थंडीतली सायकल आणि गळणारे नाक

जानेवारीच्या पहाटे पणजीत पारा २० अंशांच्या आसपास असतो. वाळपई, मोले, सांगे या बाजूला तो आणखी उतरतो. आकडा ऐकून कुणाला ही थंडी वाटणार नाही. पण दंवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरने सायकल निघाली की दहा मिनिटांत नाक पाण्यासारखे गळू लागते, शिंकांमागून शिंका येतात. मग ‘थंडी बाधली’ म्हणून सर्दीची गोळी पोटात जाते आणि बऱ्याच जणांना तिचा काही उपयोग होत नाही. थंड वाऱ्याने गळणारे नाक आणि अ‍ॅलर्जीने शिंकणारे नाक ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. कुठले आपले, हे ओळखल्याशिवाय केलेला उपाय अंदाजपंचेच राहतो.

ओळख तशी सोपी आहे. थंडीचे नाक सायकल सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत गळू लागते, स्राव स्वच्छ पाण्यासारखा असतो, खाज नसते, आणि घरी येऊन बसले की थोड्या वेळात सगळे थांबते. अ‍ॅलर्जीत आधी खाज येते: नाकात, टाळूला, डोळ्यांच्या कोपऱ्यात. शिंका एकेक न येता पाच-सहाच्या झुंडीने येतात, डोळे लाल होतात आणि त्रास अंघोळीनंतरही तासन्‌तास चालू राहतो. सायकलला सुट्टी असलेल्या दिवशी अंथरुणातून उठल्याउठल्या शिंका येत असतील तर रस्त्याला दोष देऊ नका; कारण घरातली धूळ, गादीतले सूक्ष्म किडे किंवा बुरशी असण्याची शक्यता जास्त. दोन आठवडे फक्त तीन गोष्टी वहीत टिपा: निघण्याची वेळ, रस्ता, आणि त्रास किती वेळ टिकला. डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर ही वही फार कामाला येते.

थंड वाऱ्याने नाक का गळते? आत येणारी हवा फुफ्फुसात जाण्याआधी कोमट आणि ओली करणे हे नाकाचे काम. श्वास वाढला की हे काम कितीतरी पटींनी वाढते. मग मज्जातंतू नाकातल्या ग्रंथींना जादा पाणी सोडायला लावतात. यात हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर सोडते त्या रसायनाचा, वाटा फारसा नाही, म्हणून हिस्टामिन अडवणारी सेटिरिझिनसारखी गोळी इथे तोकडी पडते. उपाय हवेवर करायचा. पातळ बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, दुहेरी करून नाकावर घ्या. सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल त्यात साठते आणि पुढचा श्वास ती परत घेतो. अर्ध्यापाऊण तासात बफ भिजतो आणि ओल्या कापडातून श्वास जड होतो, म्हणून दुसरा कोरडा बफ जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा. चष्म्यावर वाफ धरत असेल तर बफची कड चष्म्याच्या नाकपट्टीखाली दाबून बसवा. चढावर दम लागला की तो हनुवटीखाली उतरवा आणि उताराआधी पुन्हा वर घ्या.

पहिली दहा-पंधरा मिनिटे हलक्या गिअरवर, तोंड मिटून श्वास घेता येईल इतक्याच जोराने चालवा. जोर वाढला की शरीर आपोआप तोंडाने श्वास घेऊ लागते आणि थंड हवा सरळ घशात जाते. खरा घात होतो तो घाट चढून आल्यावर. चोर्ला किंवा अनमोड चढताना अंग घामाने निथळते आणि त्याच ओल्या जर्सीवर उतार सुरू होतो. माथ्यावर थांबा, घाम टिपा, विंडचीटर घाला, त्याची चेन गळ्यापर्यंत ओढा. विंडचीटर नसेल तर जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे दोन-तीन ताव सरकवा. सायकलवाल्यांची ही जुनी युक्ती अजूनही चोख काम करते. एवढे करूनही नाक थांबत नसेल तर डॉक्टर इप्राट्रोपियमचा नाकातला फवारा देऊ शकतात, तो याच ग्रंथींवर काम करतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो आधी सांगायला हवा.

आता अ‍ॅलर्जी. पावसाळ्यानंतर गवत फुलते. त्याचा पराग हलका, वाऱ्यावर दूर जाणारा. थंडीत आंबा आणि काजू मोहोरतात. त्यांचा पराग चिकट, बराचसा कीटकांवर जाणारा, म्हणून त्याचा त्रास मुख्यतः बागांना लागून असलेल्या रस्त्यांवर, विशेषतः सत्तरी, डिचोली, पेडण्याच्या काजूच्या डोंगरांतून जाताना. पण मला परागापेक्षाही मोठा गुन्हेगार वाटतो तो धूर. पहाटे अंगणातला पालापाचोळा गोळा करून पेटवायची सवय गावोगावी आहे. रात्री जमीन निवते, थंड हवा खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) आणि खोलगट भागांत बसून राहते, आणि धूर वर न चढता रस्त्यावर आडवा पसरतो. ऊन चांगले तापेपर्यंत तो हलत नाही. त्यात पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे आतल्या भागातली धूळ आणि धूर किनाऱ्याकडे येतो. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि किनाऱ्यावरची हवा धुऊन निघते.

यावरून माझे मत स्पष्ट आहे: अ‍ॅलर्जी असलेल्याने थंडीत पहाटेचा हट्ट सोडावा. दुपारी चार-साडेचारला निघून मिरामार ते दोनापावला किंवा सासष्टीच्या किनारी रस्त्याने बेतुलकडे जावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पर्यटकांच्या गाड्याही भरपूर असतात, तेव्हा मागचा लाल दिवा लावूनच निघा. खनिजाचे ट्रक चालू असलेल्या रस्त्यांवर मात्र कुठलीच वेळ चांगली नाही. ती तांबडी धूळ ट्रक गेल्यावरही बराच वेळ हवेत राहते, बफ तिला पुरेसा अडवत नाही, आणि एन-९५ मास्क लावून चढावर दम घेणे कठीण. रस्ता बदलणे हाच उपाय.

दुसरे कारण घरातच टांगलेले असते. चार महिने पावसाच्या दमट हवेत कपाटात पडलेले विंडचीटर, हातमोजे, हेल्मेटच्या आतल्या गाद्या यांना बुरशीचा वास येतो आणि तेच आपण डिसेंबरात नाकातोंडाशी बांधतो. हेल्मेटच्या गाद्या बहुतेक वेलक्रोने बसवलेल्या असतात. त्या काढा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. हेल्मेटचा फोम मात्र ओल्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. बफ प्रत्येक फेरीनंतर धुवायचा. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील तर त्या काढा, त्यांच्या वासानेही नाक चाळवते.

औषधांत तपशील महत्त्वाचा. रोजच्या अ‍ॅलर्जीवर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला फवारा गोळीपेक्षा जास्त गुण देतो, पण त्याचा पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडणारे बरेच. दरवर्षी ठरावीक महिन्यात त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून तो दोन आठवडे आधीच सुरू करा. मान किंचित पुढे झुकवा, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत फवारा, टोक त्या बाजूच्या कानाकडे. सरळ मधल्या पडद्यावर मारल्याने नाकातून रक्त येऊ शकते. फवारल्यावर जोराने ओढू नका, नाहीतर औषध घशात उतरते.

गोळ्यांत सेटिरिझिनने काहींना गुंगी येते आणि गुंगीत रहदारीतून सायकल चालवणे धोक्याचे. फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही. मात्र ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ती नीट शोषली जात नाही. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे नकोत. त्यानंतर थेंब बंद केले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस त्यांच्या आहारी जातो.

फेरीनंतर नाक धुणे हा मला सगळ्यात भरवशाचा उपाय वाटतो. पाणी विहिरीचे असो वा नळाचे, एक मिनिट खळखळून उकळून कोमट होऊ द्यायचे. २५० मिलिलिटर पाण्याला सव्वादोन ग्रॅम बारीक मीठ, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याला थोडे कमी, आणि चिमूटभर खायचा सोडा. मिठागरातले जाडे मीठ जेवणात उत्तम, पण त्यात माती असते, ते इथे नको. मीठ कमी पडले किंवा जास्त झाले तरी नाक झोंबते, म्हणून अंदाजाने टाकू नका. पुढे वाकून, तोंड उघडे ठेवून, तोंडानेच श्वास घेत अर्धे पाणी एका बाजूने आणि अर्धे दुसऱ्या बाजूने सोडा. मग खाली वाकून उरलेले पाणी निथळू द्या आणि हलकेच शिंकरा. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर केला तर पाणी कानात चढते. धुतल्यानंतर अर्धा तास थंड वाऱ्यात जाऊ नका. फवारा घ्यायचा असेल तर तो धुतल्यावर.

चालत्या सायकलवर शिंक आली तर? शिंकेला डोळे मिटतात. ताशी २५ किलोमीटरला अर्ध्या सेकंदात साडेतीन मीटर अंतर कापले जाते. चाहूल लागली की पॅडल थांबवा, दोन्ही हात हँडलवर ठेवा, बोटे ब्रेकवर नुसती टेकवा, पुढच्यापासून अंतर वाढवा आणि शिंक खांद्याकडे सोडा. नाक दाबून ती कोंडू नका, त्या दाबाने कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. काही लोकांना डोळ्यांवर ऊन पडताच शिंक येते. पणजीहून जुने गोवे, फोंड्याकडे सकाळी निघाले की सूर्य समोरच असतो. अशांनी गडद चष्मा निघतानाच लावावा. शेंबूड पुसायला सायकलच्या बऱ्याच हातमोज्यांच्या अंगठ्यावर टॉवेलसारखे कापड असते, ते त्याचसाठी.

थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला सुटणे, छाती आवळणे, शिट्टीसारखा आवाज येणे ही दम्याची लक्षणे असू शकतात, ती नाकाच्या औषधांवर सोडू नका. कुणाकुणाला डॉक्टर निघण्याच्या पंधरा मिनिटे आधी साल्ब्युटामॉलचा पंप घ्यायला सांगतात. दहा दिवसांहून जास्त पिवळा-हिरवा स्राव आणि गालांत दुखणे, किंवा सतत एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि सायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर एकाच नाकपुडीतून, विशेषतः खाली वाकल्यावर, खारट पाणी ठिबकत असेल तर ती सर्दी समजू नका. ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. नाक न शिंकरता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.