वखारीपासून गोठ्यापर्यंत : आमची वाटचाल

वाडा आणि विक्रमगड तालुक्यांतील वरकस, म्हणजे भातशेतीबाहेरच्या हलक्या माळजमिनींवर पावसाळ्यात उगवणारे गवत कापून, वाळवून, त्याच्या गाठी बांधून मुंबईच्या तबेल्यांना पुरवणे हा आमच्या पेढीचा मूळ व्यवसाय. आजोबांनी तो सुरू केला तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली आणि शहरातील म्हशी गोरेगावला हलवण्यात येऊ लागल्या, तरी जोगेश्वरीपासून वसईपर्यंत खासगी तबेले राहिलेच, आणि सुका चारा दोन्हीकडे लागत असल्याने आमच्या वखारीला गिऱ्हाईक कधी कमी पडले नाही.

अडचण असते ती वेळेची. गवत फुलोऱ्यावर असताना कापले तर त्यात पाला आणि कस दोन्ही राहतात. बी धरल्यावर नुसत्या काड्या उरतात. पण फुलोरा येतो तो हस्त-चित्राच्या सुमारास, जेव्हा परतीच्या पावसाचा भरवसा नसतो आणि गावातील प्रत्येक हात भाताच्या शेतात गुंतलेला असतो. माणसे आधी आपले हळवे (लवकर पिकणारे) भात कापणार, मग गरवे (उशिरा पिकणारे), आणि त्यानंतरच आमच्या माळावर येणार. ते रास्तच आहे. त्यामुळे जेवढे हात लवकर मिळतात तेवढे आम्ही कुसळी गवताच्या माळावर लावतो, कारण त्याची टोकदार कुसळे पक्व झाली की ती जनावरांच्या हिरड्यांत आणि जिभेत रुततात. पवना आणि मारवेल ही गवते थोडी थांबू शकतात.

मजुरीविषयी या भागात बोलताना इतिहास टाळता येत नाही. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी किसान सभेच्या आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, त्यात ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत ही प्रमुख मागणी होती. गवताच्या व्यापाऱ्यांनी तेव्हा काय केले हे आमच्या धंद्यातील माणसाला अभिमानाने सांगता येण्याजोगे नाही. आमच्या पेढीत उचल देऊन माणूस अडकवण्याची पद्धत वडिलांनी बंद केली. भारे मजुरांच्या देखत काट्यावर चढतात आणि आठवड्याच्या बाजाराआधी रोख पैसे दिले जातात.

कापलेले गवत पसरायचे, दुपारी उलटायचे आणि दव पडण्याआधी लहान ढिगांत गोळा करायचे, असे हवा पाहून तीन-चार दिवस चालते. ओलावा साधारण १५ टक्क्यांपर्यंत उतरल्याखेरीज आम्ही ते गाठी बांधण्याच्या प्रेसमध्ये घालत नाही. मूठभर काड्यांना पीळ दिल्यावर त्या कडकन मोडल्या पाहिजेत. नुसत्या वाकल्या तर आणखी एक ऊन द्यावे लागते. ओलसर गाठी गंजीत गेल्या की आतल्या आत तापतात, बुरशी धरते आणि प्रसंगी ठिणगीवाचूनही पेट घेतात. म्हणून नव्या गंजीत लोखंडी सळई खुपसून ठेवलेली असते. ती अधूनमधून ओढून हाताला किती चटका बसतो ते पाहिले जाते. उष्णतामापक आम्ही घेतला आहे, पण जुने गडी सळईवरच विश्वास ठेवतात आणि माझाही कल तिकडेच आहे. वखारीभोवती गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढण्याचे काम मात्र वणव्यांचे दिवस सुरू होण्यापूर्वी उरकलेच पाहिजे.

आमच्या धंद्याला वळण मिळाले ते वाहतुकीमुळे. गवत कितीही दाबले तरी ट्रक वजनाने भरण्याआधी आकाराने भरतो, आणि डिझेल महागत गेले तसतसा गवताचा भाव कमी आणि भाड्याचाच भाव अधिक, अशी अवस्था झाली. दुसरीकडे तबेलेवाल्यांची अडचण वेगळी होती. मुंबईत जागा आणि चारा दोन्ही महाग असल्याने आटलेली म्हैस सांभाळणे त्यांना परवडत नसे, आणि उत्तम मुऱ्हा किंवा जाफराबादी म्हैसही भाकड झाली की कसायाच्या दारात जाई. तेव्हा गवत म्हशींकडे नेण्याऐवजी गाभण भाकड म्हशीच गवताकडे आणाव्यात, हा विचार मी एका जुन्या गिऱ्हाइकापुढे मांडला आणि त्यांनी आपल्या काही म्हशी पाठवल्या.

आता दिवाळीनंतर गवत निघालेल्या माळावर या म्हशी दिवसा चरतात, चराई संपली की गाठींवर राहतात आणि पावसाळ्याआधी गोठ्यात येतात. येताना गाभणपणाची तपासणी आणि कानातील बिल्ल्याच्या बारा आकडी क्रमांकाची नोंद होते. घटसर्प आणि लाळ-खुरकुताची लस पावसापूर्वी टोचली जाते. म्हैस सुमारे दहा महिने गाभण राहते, त्यामुळे तारीख ठाऊक असली की परतीचा दिवस आधीच ठरवता येतो. अगदी शेवटच्या दिवसांत प्रवासाचा ताण नको, म्हणून विण्याच्या महिनाभर आधी तिला घरी पोचवण्याचा आमचा प्रयत्न असतो. एका ट्रकमध्ये सहापेक्षा अधिक मोठी जनावरे न्यायची नाहीत हा नियम आहे, सोबत पशुवैद्यकाचा दाखला लागतो, आणि उन्हाळ्यात गाडी रात्रीच निघते. खाली अंथरायला गवत आमचेच असते. त्याचे पैसे लावत नाही.

दर महिन्याचे शुल्क आम्ही प्रत्येक म्हशीमागे घेतो. औषधांचा खर्च मालकाचा असतो, आणि शेण खताच्या रूपाने ज्यांच्या वरकस जमिनी आम्ही खंडाने घेतो त्या शेतकऱ्यांच्या भातखाचरांत जाते. खंडाची रक्कम ठरवताना आता तेच लोक खताच्या गाड्या आधी मोजून घेतात.