बेळगावात दुकान कुठं घालावं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. पेठेत माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. पत्रिकेचं प्रूफ वाचून होतं, नावं तपासून होतात, ॲडव्हान्स देऊन मंडळी उठतात, आणि त्यांच्याबरोबर आलेला एखादा तरुण मुलगा नाहीतर मुलगी दारातच घुटमळते. "अक्का, बेळगावात दुकान घालायचं म्हणतोय. कुठं घातलं तर चालेल?" खानापूर, नंदगड, चंदगड, हुक्केरी, निपाणी, सगळीकडची मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. उभ्या उभ्या मी काहीतरी सांगते, खरं तेवढ्यानं माझंच समाधान होत नाही. याच प्रश्नाचं उत्तर चुकलं म्हणून माझी पहिली दोन वर्षं वाया गेली आणि नंतर बरोबर सापडलं म्हणून आजवर घर चाललं.

२००७ साली मी पहिला गाळा घेतला. त्याआधी सहा वर्षं एका प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम, करत होते. मराठी श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडीत, दोन्ही हातचा मळ. गाळा तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, खानापूर रोडला लागून, नव्या इमारतीत. भाडं १,८०० रुपये, समोर गाड्या लावायला ऐसपैस जागा, उजेड भरपूर. माझं माहेर नंदगडचं, ओळखीपाळखी सगळ्या खानापूर तालुक्यातल्या, आणि तिकडची प्रत्येक बस याच रस्त्यानं शहरात शिरते. आपण त्यांच्या वाटेवरच बसलोय, असा माझा हिशेब होता. वाटेवर होतेच मी. गावाकडचे मामा-काका भेटले की म्हणायचे, "तुझं दुकान बघितलं की बसमधनं." पत्रिका मात्र ते पेठेत छापून यायचे. असं का होतंय ते मला दोन वर्षं कळलं नाही. मी दर कमी केले, काचेत नवी कार्डं लावली, पाटीवर दिवे लावले.

कळलं ते २००९ च्या उन्हाळ्यात. मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि बस्त्याला मलाही बोलावलं. आम्ही नऊ माणसं साडेदहाला मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो आणि चालत खडेबाजारात गेलो. बस्ता बांधायला एक दुकान, मग दुसरं, मग परत पहिलं. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या. यातच दीड वाजला. जेवण उरकून सराफाकडं, तिथून भांड्यांच्या दुकानात. चार वाजेपर्यंत सगळ्यांचे पाय मोडून आले. गणपत गल्लीजवळच्या एका बोळात सावली होती आणि बंद दुकानाची पायरी होती. बायका पायरीवर टेकल्या, पुरुषमंडळी चहाच्या गाड्यापाशी उभी राहिली. मावशीच्या दिरांनी खिशातून चौपदरी घडीचा कागद काढला आणि म्हणाले, "आता पत्रिकेचं तेवढं बघून टाकूया."

तो कागद अजून डोळ्यांसमोर आहे. वहीचं पान, वर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, खाली पेन्सिलीनं बत्तीस नावं. भावकीतल्या एका थोरल्या माणसाचं नाव तिसऱ्या ओळीतून खोडून पहिल्या ओळीत घेतलेलं. मी पत्रिका छापते हे त्यांना ठाऊक होतं, मी तर शेजारीच बसले होते. तरी ते मान वळवून बोळात कुठं प्रेस दिसते का ते बघत होते. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरी, तुझ्याकडं जायचं म्हणजे परत रिक्षा, एवढ्या पिशव्या, आणि साडेपाचची बस जाणार बघ. राग मानू नको." कोपऱ्यावरच्या प्रेसमध्ये त्यांनी ऑर्डर दिली. राग आला नाही. मी त्या पायरीवर बसून राहिले. आपल्या दुकानाची जागा हीच, असं त्या वेळी पहिल्यांदा वाटलं.

पत्रिका छापायला म्हणून कुणी बेळगावात येत नाही. माणसं लग्नाच्या बाजाराला येतात आणि त्या दिवसातलं पत्रिका हे शेवटचं काम असतं. ते उभ्यानं होत नाही. सगळे बसतात, एक जण नावं मोठ्यानं वाचतो, दुसरा मध्येच थांबवतो, गावाकडं फोन होतो, आत्याच्या सासरचं आडनाव विचारलं जातं. अर्धा-पाऊण तास लागतो. त्यासाठी पेठेच्या आतच, चहाच्या हाकेवर जागा लागते, आणि माणूस दमून टेकतो तिथंच लागते. सकाळी बसमधून जाताना माझ्या दारात उतरायचं कुणालाच कारण नव्हतं, कारण सकाळी त्यांच्या डोक्यात शालू होता. संध्याकाळी परतताना हातात पिशव्या होत्या.

म्हणून मला विचारणाऱ्याला मी पहिल्यांदा उलट विचारते: तुझं गिऱ्हाईक गावात कशासाठी येतं, आणि तुझ्याकडचं काम त्याच्या कितव्या कामानंतर येतं? भाडं, चौरस फूट, पार्किंग हे सगळं त्याच्यानंतर.

त्या बोळात दोन गाळे रिकामे होते. एक कोपऱ्यावरचा, रस्त्यावरून दिसणारा, भाडं ६,५००. दुसरा चार दुकानं आत, दहा बाय आठचा, भाडं ५,०००. सगळ्यांनी कोपऱ्यावरचा घे म्हणून सांगितलं. मी तीन दिवस दुपारी जाऊन त्या पायरीवर बसले आणि जाणारी-येणारी माणसं मोजली. बोळ उत्तर-दक्षिण जातो. दोननंतर पश्चिमेकडच्या दुकानांची सावली त्यांच्याच पायऱ्यांवर पडते, पूर्वेकडच्या दुकानांवर सरळ ऊन. लग्नसराई एप्रिल-मेची. त्या उन्हात सगळी माणसं पश्चिमेच्या कडेनं चालत होती, थांबत होती ती तिथंच. कोपऱ्यावरचा गाळा पूर्वेला होता. मी आतला घेतला. एक लाख डिपॉझिटसाठी पाटल्या मोडल्या. नवऱ्याला धाकधूक होती, ती पहिल्या सराईत गेली.

आणखी एक गोष्ट, जी जागा दाखवणारा एजंट कधी सांगत नाही. जवळ बायकांना जायला स्वच्छ संडास आहे का ते बघा. दिवसभर बाजार करणाऱ्या घरात म्हातारी असते, गरोदर सून असते. शेजारच्या चाळीतल्या काकूंशी मी बोलून ठेवलं होतं, महिन्याला त्यांना काही देत होते. "अक्काकडं सोय आहे" एवढ्या एका वाक्यावर कितीतरी घरं माझ्याकडं आली. दुकान मालकीण म्हणून मला स्वतःलाही रात्री आठला शटर ओढून एकटीला घरी जायचं असायचं. बोळात दिवे आहेत का, त्या वेळी कुठली दुकानं उघडी असतात, हे मी रात्री जाऊन बघून आले होते. तुम्हीही जाऊन या.

पेठेत जागा घेतली तरी मशीन तिथं बसेना. छपाईचं मिनी ऑफसेट, कागद कापायचं आणि घडी पाडायचं मशीन, वरच्या मजल्यावर माणसं राहणारी, बोळात टेम्पो शिरत नाही, थ्री फेज विजेची मारामार. पहिली दोन वर्षं छपाई बाहेरून करून घेतली. मग माझ्या दिरांनी उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या त्यांच्या शेडचा एक कोपरा दिला. तेव्हापासून टेबल पेठेत आणि मशीन उद्यमबागेत. रोज दोनदा स्कूटरवरून कागद जातो, छापलेला माल येतो.

दिरांचा धंदा बघितला की जागेचा प्रश्न कसा पार फिरतो ते कळतं. त्यांचं टर्निंगचं, म्हणजे लेथवर लोखंडी गज कातायचं काम. बेळगावची ओळख फौंड्री (ओतकाम) आणि हायड्रॉलिक्सची (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची), आणि त्याचं बरंचसं उद्यमबाग आणि पुढं मच्छेच्या बाजूला. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या आत सरकणारा स्पूल घ्या, बोटाएवढा गज. तो यांच्याकडं टर्न होतो, मग हीट ट्रीटमेंटला जातो, तिथून ग्राइंडिंगला. तीन शेड, तीन मालक, सगळे स्कूटरच्या अंतरावर. एखाद्या स्पूलची साईज चुकली तर ग्राइंडिंगवाला फोन करत नाही, तुकडा हातात घेऊन चालत येतो. तिथं रस्त्यावरचं गिऱ्हाईक लागत नाही, शेजारी लागतो.

मध्ये त्यांनी शिनोळीला जागा बघितली होती. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, वेंगुर्ला रोडवर, हद्द ओलांडली की लगेच. शेड स्वस्त, माणसं आमचीच, भाषा आमचीच. खरं हद्द ओलांडली की राज्य बदलतं, आणि जीएसटीचा नंबर राज्यागणिक वेगळा घ्यावा लागतो. जॉबवर्कचा, म्हणजे मजुरीवर करायला दिलेला माल एका राज्यातून दुसऱ्यात पाठवायचा तर किंमत कितीही असो, ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची ऑनलाइन नोंद, लागतंच. स्कूटरच्या डिकीतून दहा स्पूल ग्राइंडिंगला नेणाऱ्या माणसाला दर फेरीला ते कसं परवडणार? पूर्ण माल एकाच छताखाली करून बाहेर विकणाऱ्याला शिनोळी चांगलीच आहे. दिरांना नव्हती. सीमेवर राहणाऱ्यांना ही रेघ जमिनीवर दिसत नाही, कागदावर मात्र दिसते. म्हणून जागा बघायच्या आधी सीएला भेटा.

किर्लोस्कर रोडवरून जाताना मला हे नेहमी आठवतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर इथंच केले. नगरपालिकेला ती जागा नव्या वसाहतीसाठी हवी झाली तेव्हा त्यांना उठावं लागलं. औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंगाचा माळ तो, खरं शेजारी रेल्वे स्टेशन होतं. सायकलीला शहरातलं गिऱ्हाईक लागत होतं, नांगराला शहर नको होतं, मालगाडी हवी होती. बेळगावनं काय गमावलं याची हळहळ मला आहेच. पण धंदा बदलला की जागाही बदलते, हे आपल्याच गावात इतक्या आधी घडून गेलंय.

पावसाचं सांगायलाच हवं. इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या गाळ्याखाली तळघर होतं, कमी भाड्यात मिळालं म्हणून मी कागद तिथं ठेवायला लागले. ऑगस्ट २०१९ चा पाऊस सगळ्या जिल्ह्याला आठवत असेल. एका रात्रीत तळघरात गुडघाभर पाणी, चाळीस रिम कागद आणि शिवकाशीहून आणलेली तयार कार्डं लगदा झाली. पुढच्या मुहूर्तांच्या तीन ऑर्डरी त्यात होत्या. त्या तिन्ही मी दुसरीकडून पदरमोड करून छापून दिल्या. म्हणून म्हणते, गाळा उन्हाळ्यात पसंत केलात तरी करार पावसाळा बघून करा. निदान शेजारच्या दुकानाच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे ते बघा. वडगाव, अनगोळच्या बाजूला बळ्ळारी नाल्याच्या आसपास बघत असाल तर जास्तच.

भाषेचंही विचारतात, जरा दबक्या आवाजात. सरळ सांगते. शहापूर, वडगाव, अनगोळ भागात दिवसभर मराठी कानावर पडेल, महांतेशनगर, सदाशिवनगरकडं कन्नड जास्त. पेठेत दोन्ही, शिवाय उर्दू, कोकणी. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड लागतं, त्यामुळं पाटीचा खर्च पहिल्या दिवशीच नीट करा, परत परत नको. आणि दोन्ही भाषा बोला. माझ्याकडं मुलगा गोकाकचा, मुलगी निपाणीची अशा पत्रिका येतात, एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड. दोन्हीकडची थोरली माणसं आपापल्या पानावरची नावं वाचतात आणि मग एकमेकांना चहा देतात. ही कामं मला त्या बोळानं दिली. फक्त मराठी वस्तीत बसले असते तर निम्मी आली नसती.

तुमचा धंदा पत्रिकेचा नसेल तर माझा बोळ तुमच्या कामाचा नाही. ब्लाऊज शिवणार असाल तर पेठेत येऊच नका, बाई मापाला, ट्रायलला आणि न्यायला अशी तीनदा येते, घराजवळच हवं. मोबाईल दुरुस्ती बसस्थानकाच्या आसपास, कारण तिथं मुलांना तासभर थांबायचंच असतं. औषधं, सर्जिकल सामान दवाखान्यांच्या रस्त्याला.

आणि माझंही आता बदलतंय. पूर्वी हजार पत्रिका छापणारं घर आज तीनशेत भागवतं, बाकीच्यांना फोनवर पाठवतं. गाडीनं येणारे बोळात यायला कंटाळतात. म्हणून गेल्या वर्षीपासून मीही उपनगरांत जागा बघत फिरते आहे, परत पहिल्यापासून, दुपारी दोन ते पाच.

गेल्या आठवड्यात चंदगडकडची एक मुलगी आली होती. मेंदी आणि नवरीच्या मेकअपचं दुकान तिला घालायचंय. टिळकवाडीतला एक गाळा तिला फार आवडलाय, ती सकाळी अकराला बघून आली. मी तिला म्हटलं, नवऱ्या तुझ्याकडं अकराला येणार की पहाटे पाचला? त्या वेळी तिथं रिक्षा मिळते का, खालचं गेट उघडं असतं का, पाणी येतं का? ती गप्प झाली, मग म्हणाली, "अक्का, तुम्ही याल?" गुरुवारी पहाटे साडेचारला आम्ही दोघी तिथं जाणार आहोत.