उभे राहण्याची जागा

इंदूरला पाहुणे आले की त्यांना राजवाडा दाखवणे क्रमप्राप्त असते आणि राजवाडा दाखवला की त्याच्यासमोर फोटो काढणे त्याहून क्रमप्राप्त. पाहुणे दरवाज्याला पाठ लावून रांगेत उभे राहतात, फोटो काढणारा सातही मजले मावेपर्यंत बागेच्या दिशेने मागे मागे सरकत जातो आणि अखेरीस जे चित्र हाती येते त्यात खालचे तीन दगडी व वरचे चार लाकडी मजले व्यवस्थित मोजता येतात. आत्याबाई कोणत्या आणि मामी कोणत्या, हे मात्र साडीच्या रंगावरून ओळखावे लागते. यात दोष फोनचाही नाही आणि राजवाड्याचाही नाही. मागे सरकायचे ते फोटो काढणाऱ्याने एकट्याने, ही समजूत नडते. पाहुण्यांनाही आपल्याबरोबर वाड्यापासून दूर आणावे, म्हणजे वाडा पुरता मावतो आणि माणसे कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटरवर येऊन चेहऱ्यानिशी दिसू लागतात. अंतर निम्मे झाले की माणूस चित्रात दुप्पट मोठा दिसतो, वाड्याच्या आकारात मात्र काही फरक पडत नाही.

शिवाय शिखर मावावे म्हणून फोन वर कलवला की वाडा मागे कोसळू लागल्यासारखा दिसतो. फोन सरळ उभा धरला तर हे टळते, पण मग खाली रस्त्याची बरीच मोकळी जागा चित्रात येते. पुढे आणलेले पाहुणे नेमके तिथे कामी येतात. फोनच्या मुख्य भिंगाचा आवाका मोठा असल्यामुळे अगदी कडेला उभे असलेले लोक थोडे आडवे ताणले जातात, तेव्हा ज्यांना बारीक दिसण्याची हौस आहे त्यांनी मधली जागा आधीच पटकावलेली बरी.

आपण हौशी लोक जिथे असतो तिथेच उभे राहून खिशातला फोन काढतो, आणि मग जे साधले नाही त्याचा दोष कॅमेऱ्याच्या किमतीवर ढकलतो. इंदूरकरांनी तरी असे करू नये, कारण एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांची कॅमेऱ्याशी गाठ पडली ती याच शहरात. रुरकीला अभियांत्रिकी शिकून १८६६ साली ते येथील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. हैदराबादच्या निजामाकडून मिळालेला ‘राजा’ हा किताब पुढचा. त्या काळी कॅमेरा तिपाईवर चढवून, डोक्यावर काळे कापड घेऊन, मागच्या घासलेल्या काचेवर चित्र पाहावे लागे आणि ते दिसे उलटे, खाली डोके वर पाय. काचेची प्लेट जड आणि महाग, त्यामुळे ती खर्ची घालण्याआधी तिपाई चार हात इकडे की तिकडे, याचा विचार झाल्याशिवाय राहत नसे. उलट्या चित्राचा एक मोठा फायदा असा की घुमट हा घुमट राहत नाही, तो नुसता एक उजळ आकार होतो. मग सगळा भार एकाच कोपऱ्यात साचला असेल किंवा कडेने विजेचा खांब घुसला असेल, तर ते तत्काळ खटकते. हा प्रयोग आजही फुकट करता येतो. फोनचे आपोआप फिरणे बंद करावे, काढलेला फोटो उघडावा आणि फोन उलटा धरून पाहावा.

एक-तृतीयांशाच्या नियमाबद्दल मला तितकीशी आस्था नाही. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून मुख्य विषय त्या रेषांवर ठेवावा, हा तो नियम. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गदृश्यांच्या संदर्भात १७९७ सालीच तो लिहून ठेवला होता. फोनमध्ये तशी जाळी मिळते आणि ती चालू जरूर ठेवावी, पण माझ्या मते क्षितिज तिरके होऊ न देणे हाच तिचा खरा उपयोग. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलला जातो, तिथे तर तृतीयांश विसरून आधी गुडघे वाकवावेत. उभ्याने फोटो काढला की द्रोण मागच्या झगमगत्या पाटीत हरवतो. खाली बसल्यावर तोच द्रोण काळ्या आकाशावर येतो, आणि फोन उभा धरून डोक्यावर भरपूर जागा सोडली असेल तर पुरता येतो.

घरातले फोटो याहून अवघड, कारण तिथे मागे सरकायला भिंत आडवी येते. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात तेव्हा संध्याकाळी सगळे जण दारातून, उभ्यानेच, फोन खाली कलवून फोटो काढतात. मुखवटे त्यामुळे वरून दिसतात, नथ आणि ओठ सावलीत जातात, कोपऱ्यात स्विचबोर्ड आणि त्यावर लोंबणारा चार्जर येतो, आणि मागची ट्यूबलाइट धाकट्या महालक्ष्मीच्या मुकुटातून आरपार गेलेली दिसते. समोर पाट टाकून बसावे, फोन मुखवट्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा आणि हातभर डावीकडे सरकावे. ट्यूबलाइट दोन मुखवट्यांच्या मधल्या जागेत जाते, स्विचबोर्ड चौकटीबाहेर राहतो आणि पुढे मांडलेल्या फराळाच्या ताटांची रांग नजर सरळ मुखवट्यांपर्यंत नेते. ट्यूबलाइट घटकाभर मालवून समयांच्या उजेडात काढला तर आणखी चांगले, पण तेवढ्यासाठी अंधार करणे घरात कोणाला मान्य होत नाही.

नंतर कात्री लावता येईल, असे काही जण म्हणतात, आणि ते काही अंशी खरेही आहे. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ४००० गुणिले ३००० ठिपके असतात. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तरी तीस लाख उरतात, आणि इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने सहा बाय चारच्या छापील फोटोला एकवीस लाख साठ हजार पुरतात. तेव्हा स्विचबोर्ड खुशाल कापावा. मुकुटातली ट्यूबलाइट मात्र कितीही कापले तरी मुकुटातच राहते, कारण कोणती वस्तू कोणाच्या मागे दिसणार, हे आपण उभे राहतो तेव्हाच ठरते.

पाटावर बसून काढलेला फोटो काकूंना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो बारकाईने पाहिला आणि विचारले, “आणि तोरण कुठंय? फुलोरा कापलास होय रे?” तोरण सकाळी त्यांनी स्वतः ओवले होते, त्यामुळे या प्रश्नाला रचनाशास्त्रात उत्तर नाही. तेव्हापासून पहिला फोटो मी दारातून, तोरण-फुलोरा-चार्जरसह, सगळे मावेल असाच घेतो आणि मग पाट ओढतो. नातेवाइकांना दोन्ही पाठवले जातात. छापून भिंतीवर कोणता लावायचा, हे काकू ठरवतात.