नवव्या प्रश्नाला ती 'सी' म्हणाली

मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या जरा वर, मडेराच्या बाजूला एका क्लिनिकमध्ये काउन्सेलर आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे शेतमजूर, मेक्सिकोतून आलेले, कोणाकडे इथे राहायची कागदपत्रं आहेत कोणाकडे नाहीत, पोरं मात्र बऱ्याचदा इथेच जन्मलेली. हा दिवस सप्टेंबर २०२५ मधला, बेदाण्याची तोडणी जोरात होती तेव्हाचा. आपल्या तासगावला शेडमध्ये जाळीवर द्राक्षं सुकवतात, इथे अजून खूप ठिकाणी दोन ओळींच्या मधे जमिनीवर कागद अंथरून त्यावर घड टाकतात आणि मजुरी कागदावर मिळते, म्हणजे जितके कागद भराल तितके पैसे. त्यामुळे त्या दिवसांत अपॉइंटमेंट घेऊन कोणी आलं तर समजायचं की गोष्ट तशीच गंभीर आहे, कारण तेवढ्या वेळाची मजुरी बुडवून माणूस आलेलं असतं.

ती आली होती मुलासाठी. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मागच्या शाळेच्या वर्षापासून रोज सकाळी पोटात दुखतं, शाळेच्या दिवशीच, शनिवार रविवार काही नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल, मग माझ्याकडे पाठवलं. वडील वॉशिंग्टन राज्यात सफरचंदाच्या तोडणीला गेलेले. आईचे हात द्राक्षाच्या चिकाने काळे पडलेले, धुऊन आली होती तरी नखांच्या कडेला तो काळा थर तसाच.

मुलगा आईच्या पुढे सरकून बसला आणि मी काही बोलायच्या आधीच इंग्रजीत म्हणाला, मी सांगतो तिला. आधीच्या तपासण्यांना त्यानेच भाषांतर केलं होतं. इमर्जन्सी सोडून लहान मुलाला दुभाषी म्हणून बसवायचं नाही असा नियम आहे पण घाईगर्दीत कोण बघतं. नऊ वर्षांच्या पोराला घरभाडं किती थकलंय, बाबांची कोर्टाची तारीख कधी आहे, सगळं पाठ, कारण येणारा प्रत्येक कागद तोच वाचून दाखवतो. मी त्याला बाहेर तिआजवळ बसवलं. तिआ म्हणजे मावशी, आमची प्रोमोतोरा, वस्तीत घरोघरी फिरून लोकांना आरोग्याचं सांगणारी, आपल्या आशाताईंसारखी म्हणा, सगळं क्लिनिक तिला तिआच म्हणतं.

आई-वडिलांची मनःस्थिती तपासायला आम्ही नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरतो, पीएचक्यू-९. मला आठ वर्षांत स्पॅनिश बऱ्यापैकी यायला लागलंय, मी स्वतःच विचारत गेले. झोप लागते का, भूक लागते का, स्वतःबद्दल वाईट वाटतं का. ती मान खाली घालून, बारीकसं हसून प्रत्येकाला 'सी', म्हणजे हो. नववा प्रश्न असतो की गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेलं बरं असं वाटलं का, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली का.

'सी.'

तोच आवाज, तेच हसू. माझे हात गार पडले. आमचा प्रोटोकॉल ठरलेला आहे, पेशंटला एकटं सोडायचं नाही, पुढचे प्रश्न विचारायचे, आणि धोका वाटला तर हॉस्पिटल. इथे कायद्याने ७२ तास इच्छेविरुद्ध ठेवता येतं, आणि बऱ्याचदा ते पोलिसांची गाडी येऊनच होतं. नवरा हजार किलोमीटरवर, घरी अजून एक लहान मुलगी, आणि हिच्या दारात पोलिसांची गाडी म्हणजे काय ते मला पुरतं माहीत होतं. तरी विचारलं, कसं करायचं असं काही मनात ठरवलंय का? 'सी.' मी थांबले. काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, मुलं किती तुम्हाला?

'सी.'

मी उठून दार उघडलं आणि तिआला आत बोलावलं. तिआ येता येताच म्हणाली की पोरगं सांगतंय, आई दर रविवारी रेडिओवर 'ला ओरा मिस्तेका' लावते. फ्रेस्नोचं रेडिओ बिलिंग्वे नावाचं स्टेशन आहे त्यावरचा हा कार्यक्रम, मिस्तेको भाषेतला. तिआ स्वतः वाहाका राज्यातली. तिने एकच वाक्य म्हटलं, मला अक्षर कळलं नाही, आणि त्या बाईने आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये तिची भाषा स्पॅनिश लिहिलेली होती. मेक्सिकोची म्हणजे स्पॅनिश, असं कोणीतरी धरलं आणि पुढे सगळ्यांनी तेच धरलं, मीसुद्धा. मिस्तेको ही स्पॅनिशच्या कितीतरी आधीपासूनची तिथली भाषा, बोलणारे स्वतःला ञू सावी म्हणतात, पावसाची माणसं. त्यात आवाजाच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि एका गावची बोली दुसऱ्या गावाला कळेलच असं नाही. तिआचं गाव जवळचं निघालं हे आमचं नशीब. बाजारापुरतं स्पॅनिश हिला येत होतं, आणि ऑफिसात बसलेल्या माणसाला 'सी' म्हटलं की सुटका होते हेही ती इथे शिकली होती.

नववा प्रश्न परत विचारायचा होता. तिआने बराच वेळ विचार केला की हे आपल्या भाषेत कसं विचारावं, मग हळू विचारलं. बाई दचकलीच. छे, मग लेकरांना कोण बघेल, म्हणाली. आणि मग रडायला लागली, आणि बोलायला लागली ती तासभर थांबलीच नाही.

झालं होतं असं. जानेवारी २०२५ मध्ये खाली बेकर्सफील्डकडे बॉर्डर पेट्रोलने, म्हणजे सीमेवरच्या पोलिसांनी, बिनकागदांच्या लोकांची धरपकड केली, तेव्हापासून सगळ्या खोऱ्यात धाक बसला होता. वसंतात एका दुपारी फोनवर मेसेज फिरला की शाळेजवळ पांढऱ्या व्हॅन उभ्या आहेत. ही अर्ध्या रस्त्यातून वळून जावेच्या घरी लपली. मुलगा शाळेच्या ऑफिसात साडेपाचपर्यंत बसून राहिला. शाळेने फोन लावले ते वडिलांच्या जुन्या प्रीपेड नंबरवर, तो कधीच बंद झालेला. बातमी खोटी होती, व्हॅन कसल्या कोणाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखलं, ते तेव्हापासून चालूच.

हे ऐकताना मला आमच्या धारूरची शाळा आठवत होती. दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा व्हायचा, आईबाप मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला, काही पोरं बरोबर तर काही आजीकडे. इथे मुकादमाला मायोर्दोमो म्हणतात एवढाच काय तो फरक. आमच्या वर्गात आजीकडे ठेवलेली एक मुलगी होती, तिचंही रोज पोट दुखायचं आणि बाई म्हणायच्या नाटकं करते. मी तेव्हा हसले होते सगळ्यांबरोबर. ते मला आजही सोसत नाही.

त्या आईचं स्वतःचं निदान होतं, सुस्तो. म्हणजे जोराची भीती बसली की माणसाचा जीव त्या जागीच राहतो, शरीर तेवढं घरी येतं. तिने घरी अंडं उतरवलं होतं, आपण दृष्ट काढतो तसं, अंगावरून फिरवून. पण जिथे भीती बसली त्या जागी जाऊन नाव घेऊन हाक मारावी लागते, जीवाला परत बोलवावं लागतं, आणि ती जागा होती शाळेचं गेट. तिथे उभं राहायची तिची छाती होत नव्हती. मला विचाराल तर आमच्या सगळ्या रिपोर्टपेक्षा तिचं निदान बरोबर होतं. पोराला शाळेची भीती नव्हतीच, आपल्याला न्यायला कोणी येणार नाही याची होती.

मग आम्ही कागद घेतला. श्वासाचे व्यायाम वगैरे मी शिकवते, उपयोगही होतो, पण इथे आधी शाळेचं इमर्जन्सी कार्ड बदलायला हवं होतं. त्यावर मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्यांची दोनच नावं, त्यातला एक नंबर बंद. जावेचं नाव घातलं, गावाकडच्या एका बाईचं घातलं जिच्याकडे कागदपत्रं आहेत. कॅलिफोर्नियात एक प्रतिज्ञापत्र असतं, मूल ज्या नातेवाइकाकडे राहतंय त्याने सही केली की तो मुलाला शाळेत घालू शकतो, डॉक्टरकडे नेऊ शकतो, कोर्ट नको काही नको, तो कोरा फॉर्म जावेसाठी दिला. फ्रेस्नोला मेक्सिकोचं कॉन्सुलेट आहे, तिथे दोन्ही मुलांची नावं नोंदवायची तारीख घेतली. तिला वाटत होतं शाळेकडे बिनकागदांच्या लोकांची यादी असते. १९८२ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कागद नसले तरी मुलाला सरकारी शाळेतून अडवता येत नाही, हे तिआने तिला तिच्या भाषेत दोनदा सांगितलं.

मग मुलाला आत घेतलं. तिआने समजावलं, आई आली नाही तर काकू येईल, काकू नाही आली तर ती बाई. तो ऐकत होता. मग म्हणाला, आणि तिघी नाही आल्या तर?

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग तिआ म्हणाली, मग मी येईन. पेन घेऊन तिने चौथ्या ओळीत आपलं नाव लिहिलं. क्लिनिकच्या नियमात हे बसतं का ते मी त्या वेळी बघितलं नाही, आणि नंतरही विचारलं नाही.

काकूचा नंबर त्याने तिथेच पाठ केला, पाढे म्हणतो तसा. आईनेही त्याच्या मागून म्हटला, अडखळत, चार वेळा.

ऑक्टोबरात त्याचं पोट दोनदा दुखलं, एकदा शाळा बुडाली. पूर्ण गेलेलं नाही. वडिलांची कोर्टाची तारीख अजून व्हायचीय, ती मी कशी थोपवणार. नवीन पेशंट आला की मी आता भाषेचा रकाना न बघता आधी विचारते, आजीशी कुठल्या भाषेत बोलायचात?

ती क्लिनिकला आली त्याच आठवड्याच्या शनिवारी तिआ त्या मायलेकांना घेऊन शाळेच्या गेटवर गेली होती. मी नव्हते, तिने सोमवारी सांगितलं. आईने आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, मग खाली बसून गेटजवळच्या मातीवर हात आपटला आणि मुलाच्या नावाने हाक मारली. पहिली हाक तिआलाही नीट ऐकू आली नाही. तिसरी समोरच्या घरापर्यंत गेली असेल, तिथला कुत्रा भुंकायला लागला. मुलगा तिच्याच शेजारी उभा होता, तो म्हणाला, आलो.