सोफ्याच्या मापाची वारली

डहाणू रोडला उतरले तेव्हा मोबाईलमध्ये भिंतीचं माप लिहून घेतलेलं होतं. पाच फूट बाय तीन. सोफ्यामागची भिंत, तिथे वारली चित्र लावायचं होतं. हे आधीच कबूल करते.

समुद्र, घोलवडचे चिकू, महालक्ष्मीचं देऊळ, सगळं पहिल्या दिवशीच उरकलं. दुसऱ्या दिवशी सहाआसनीत दहाव्या माणसाच्या जागी बसून गंजाडला गेले. पाय मुंग्यांनी बधिर. नावाजलेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं हे गाव, म्हणून हट्ट.

एका तरुण चित्रकाराच्या ओसरीवर बसले. पाणी आलं, कोरा चहा आला, मग त्याने कापड उलगडलं. गेरूवर पांढरा तारपा-नाच, नेहमीचा गोल. पण गोलाच्या मधोमध पुलाचे खांब रोवलेले आणि त्यांच्यावरून बुलेट ट्रेन. नाचणाऱ्यांची साखळी खांबापाशी तुटलेली.

माझ्या तोंडून गेलंच, "जरा पारंपरिक काही नाही का?"

तो हसला. "ताई, पारंपरिक म्हणजे लग्नाचा चौक. तो सवाशिणी लिहितात, घरातल्या भिंतीवर. मधे पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते तेव्हा तो पुरा होतो. लग्न झालं की त्याचं काम संपलं. तो तुम्हाला कसा देऊ?"

चित्र 'काढतात' नाही, 'लिहितात'. मी ते वाक्य मनात दोनदा घोळवलं.

मग हिशेब लागला. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे शहरातले चित्रकार इथे कागद घेऊन आले. लग्न नसतानाही रोज चित्रं लिहिणारे, तेही पुरुष असून, मशे तेव्हा पुढे आले. 2011 साली पद्मश्री, 2018 साली गेले. म्हणजे मी ज्याला जुनं म्हणून मागत होते, ते कापडावरचं, विकायचं, पुरुषाच्या हातचं चित्र माझ्याच वयाचं निघालं! त्या मानाने बुलेट ट्रेनवाला चार-दोन पावलंच पुढे होता. आणि ती गाडी काही त्याच्या कल्पनेतली नाही, तिचा मार्ग पालघर जिल्ह्यातूनच जातो.

किंमत ऐकून घशाला कोरड पडली. घासाघीस करायची सवय जिभेवर आली होती, चहाच्या घोटाबरोबर गिळली. खांबांचंच घेतलं, पण लहान, दीड बाय एक.

परतीच्या लोकलमध्ये विरारला गर्दी घुसली, तेव्हा ती गुंडाळी डोक्यावर धरून उभी राहिले. बाजूच्या बाईंनी विचारलं, "कॅलेंडर का?"

सोफ्यामागची भिंत अजून रिकामी आहे. चित्र जेवणाच्या टेबलासमोर लागलंय. तुटलेल्या साखळीपाशी एक बाई आहे, तिचा हात अजून पुढेच केलेला आहे. हे मला घरी आल्यावर दिसलं.