नऊ माणसं

नोकरी सोडून हझानचं, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थना पुढे उभं राहून म्हणणाऱ्याचं, काम पूर्णवेळ पत्करलं, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. त्याआधी अकरा वर्षं एका कंपनीत हिशेब सांभाळले. शनिवारी कामावर जायचो, आणि शब्बाथ, आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मोडल्याची टोचणी आठवडाभर सोबत असायची. आम्हा बेने इस्राएलांमध्ये, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांमध्ये, पूर्वापार रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाहीत. सिनेगॉगमधली, आमच्या प्रार्थनाघरातली, प्रार्थना असो, लग्न असो की मयत, पुढे हझानच उभा राहतो. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये एका वृद्ध हझानांजवळ बसून मी हिब्रू पाठ, त्यांच्या चाली शिकलो. राजीनामा दिला तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "घर कसं चालवशील?" बाकीच्यांनी हिमतीचं कौतुक केलं. मलाही वाटलं, अवघड होतं ते झालं.

जुलैतल्या एका सोमवारी पहाटे अलिबागजवळच्या एका गावातून फोन आला. ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ रात्री गेले होते. आमच्यात मयत ठेवत नाहीत, त्याच दिवशी दफन. मोठे हझान तापाने पडून होते. "तू जा," म्हणाले. एकट्याने मयत करायची माझी पहिलीच वेळ.

वडखळपर्यंत पावसाने गाडी पुढे सरकू दिली नाही. पोचलो तेव्हा दुपार झाली होती. एकेकाळी या पट्ट्यात गावागावात आमची घरं होती, घाण्यावर तेल काढणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणत. 1948 नंतर बहुतेक सगळे इस्राएलला गेले. या गावात हे एकच घर उरलं होतं. एकुलता मुलगा इस्राएलमधल्या अश्दोदला, विमान मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

अलिबाग-पेणहून आलेल्या तिघांना घेऊन मी मयताला अंघोळ घातली. डोक्यावरून पाणी सोडताना माझे हात थरथरत होते. मग पांढरं कफन नेसवलं. कबरस्तानात गाव लोटला होता. आगरी, कोळी, मुसलमान शेजारी सकाळपासून चिखलात कबर खणत होते, वर ताडपत्री धरून उभे होते. पण आमचे पुरुष मी मोजले. नऊ. पुन्हा मोजले. मुंबईहून निघालेली गाडी पुराच्या पाण्यात अडकली होती आणि अंधार पडायला फार वेळ नव्हता.

कद्दीश, म्हणजे मयतासाठीची प्रार्थना, म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष एका जागी लागतात. कद्दीशमध्ये मृत्यूचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती आहे, आणि ती दहांच्या समोरच करायची. मुलगा फोनच्या पडद्यावर होता. "मी दहावा," तो म्हणाला, "मला धरा ना." त्याच्या वडिलांचे जन्मभराचे मित्र, एक कोळी काका, पुढे आले. "मी उभा राहतो. माझा भाऊच होता तो."

सगळे माझ्याकडे बघत होते. म्हणून टाकलं असतं तर तिथे कुणी बोट दाखवलं नसतं. उलट नाही म्हटलं तर गेलेल्या गृहस्थांच्या पत्नीच्या, त्या माउलीच्या, काळजाला घरं पडतील, हे दिसत होतं. घशाला कोरड पडली. मी म्हणालो, "आजी, इथे कद्दीश होणार नाही." मग मुलाला म्हणालो, "दादा, आज संध्याकाळी तिथल्या सिनेगॉगमध्ये दहांच्यात उभे राहा. कद्दीश म्हणणं आधी मुलाचं असतं. पुढचे अकरा महिने रोज म्हणा." काकांचा हात धरून म्हटलं, "पहिली माती आमच्याबरोबर तुम्ही घाला."

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग नुसतं जायचं का त्यांनी? काहीच न म्हणता?"

तेव्हा मला आमची जुनी गोष्ट आठवली. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेले आमचे पूर्वज पुढच्या पिढ्यांत सगळी हिब्रू विसरले, पण शेमा, देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, विसरले नाहीत, असं आम्ही मानतो. लग्नात शेमा, सुंतेला शेमा, मयतीलाही शेमाच. त्यांच्याकडे हझान नव्हता, पुस्तक नव्हतं. आणि शेमा म्हणायला माणसं मोजावी लागत नाहीत.

एक्क्याण्णवावं स्तोत्र वाचून झाल्यावर मी म्हटलं, "आजी, तुम्ही सुरू करा." त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. "शेमा यिस्राएल..." आवाज फाटका, पण शब्द एकही चुकला नाही. आम्ही नऊ जण मागून म्हणू लागलो, फोनमधून मुलगा म्हणू लागला. काका हात जोडून उभे होते.

रात्री साडेनऊला मी तिथेच ओटीवर बसलो होतो. आजींचा फोन वाजला. अश्दोदला संध्याकाळची प्रार्थना चालू होती. मुलगा अडखळत कद्दीश म्हणत होता आणि मागून खूप माणसांचं "आमेन" येत होतं. आजींनी फोन माझ्या कानाशी धरला. "मोज," म्हणाल्या.