'इरेग्युलर'मधला दुसरा आर

माझी मुलगी ऐरोलीच्या मराठी शाळेत आठवीत शिकते. गेल्या आठवड्यात तिच्या वहीत 'इरेग्युलर' या शब्दाभोवती लाल गोल होता, कारण तिने त्यात सुरुवातीच्या 'आय'नंतर दोनऐवजी एकच आर लिहिला होता, आणि खाली तो दहा वेळा लिहून आणण्याची सूचना होती. लिहून लिहून तो एक शब्द पाठ होईल, पण दुसरा आर कोठून आला हे तिला त्यातून कळणार नाही, म्हणून मी तिला मराठी व्याकरणाचे पुस्तक काढायला सांगितले.

व्यंजनसंधीच्या पाठात उत् अधिक लंघन म्हणजे उल्लंघन, सत् अधिक जन म्हणजे सज्जन, हे तिला येतच होते. पुढचे अक्षर पाहून मागचा त् बदलतो. लॅटिनमधून आलेला नकारार्थी 'इन' नेमके हेच करतो : 'लीगल'पुढे त्याच्या एनचा एल होतो, 'रेग्युलर'पुढे आर होतो आणि ओठ मिटून उच्चारायच्या प, ब, म या ध्वनींपुढे एम होतो. एक अक्षर उपसर्गाचे आणि एक मूळ शब्दाचे, म्हणून जोडी. तिने 'इन्पॉसिबल' भरभर म्हणून पाहिले आणि तिसऱ्या खेपेला तिचे ओठ आपोआप मिटले, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. इंग्रजीचा स्वतःचा 'अन' मात्र बदलत नाही. 'अनलकी'मध्ये एन जागेवरच राहतो. हा 'अन', लॅटिनचा 'इन' आणि आपल्या 'अनादर'मधला अन् हे तिन्ही मुळात एकाच घराण्यातले आहेत, ही गोष्ट मला आजही फार सुंदर वाटते.

प्रत्ययांचेही तसेच आहे. 'हॅपी'ला 'नेस' लागताना वायचा आय होतो, जसे 'ला' लागताना घोडाचे घोड्या होते. सामान्यरूप शिकलेल्या मुलीला ते पुन्हा वेगळे शिकवावे लागत नाही.

काल ठाणे-बेलापूर रस्त्यावर आमच्यापुढे एक टँकर होता, त्याच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले होते. "आई, म्हणजे हे पेट घेत नाही ना?" असे तिने विचारले. तेथला 'इन' नकाराचा नसून 'आत' या अर्थाचा दुसराच लॅटिन उपसर्ग आहे आणि त्या शब्दाचा अर्थ सहज पेटणारे असाच होतो, हे मी तिला तेथल्या तेथेच समजावले. याच घोटाळ्यामुळे धोक्याच्या सूचनांवर आता नुसते 'फ्लेमेबल' लिहिणे अधिक सुरक्षित मानले जाते.